अण्णाच्या गाडीची चाकं

माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, उभ्या आयुष्यात एकच आगगाडी बांधली. एक इंजिन आणि त्यामागं प्रवाशांचे डबे. सगळं गोड्या तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून, ठोकून, सोल्डर करून. रुळांमधलं अंतर तीन बोटं आणि एकेक डबा हातभर लांब. खिडक्यांना आडवे गज आहेत, ते स्टोव्हच्या पिनांचे. प्रत्येक दारावर पावसाचं पाणी अडवायला बारीकशी पन्हाळी आहे. एका दारात पत्र्याचा माणूस पाय बाहेर सोडून बसलाय. आमच्या बिदर पॅसेंजरला असा एक माणूस असायचाच, आणि तो नसेल तर गाडी खोटी वाटेल असं अण्णाचं म्हणणं होतं. रंग मात्र माझा. मी हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो, त्यामुळं ब्रश हातात धरायचा हक्क माझ्याकडं होता आणि बाकी सगळे हक्क त्याच्याकडं.

गाडी अशी देखणी, की बघणारा खाली वाकल्याशिवाय पुढं जात नसे. फक्त ती चालत नसे.

असं म्हटलेलं अण्णाला खपलं नसतं. त्याच्या मते ती चालायची, जरा हात लावावा लागायचा एवढंच. नौबादला त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीची तार वळायला बसला की त्याचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नव्हता. त्यामुळं गाडीच्या इंजिनातली मोटार एक नंबर. पण चाकांच्या बाबतीत साहेबांचं ज्ञान यथातथाच. डब्यांना नायलॉनची चाकं, त्यांच्यामधला आस सायकलच्या स्पोकचा, आणि तो आस फिरायचा पत्र्याला पाडलेल्या नुसत्या भोकात. भोकं घासून घासून लांबट झालेली. डबे हलके, म्हणून वळणावर नाचायचे. एका डब्याचा जोडायचा आकडा वर तर दुसऱ्याचा खाली, म्हणून मधेच अर्धी गाडी पुढं निघून जायची आणि अर्धी मागं बसून राहायची. या सगळ्यावर अण्णाकडं एकच औषध होतं, खोबरेल तेल. "चालत न्हाई? तेल घाल." थंडीच्या दिवसांत खोबरेल गोठतं, हे डोक्याला लावणाऱ्या माणसाला कळत नव्हतं का? कळत होतं. त्यावरही उपाय तयार असायचा. "गाडीला जरा ऊन दाखवा." आणि मग आमच्या अंगणात पापडांशेजारी डबे वाळत पडायचे.

माझी बायको याला दोन म्हाताऱ्यांची भातुकली म्हणायची. वहिनी, म्हणजे अण्णाची बायको, काहीच म्हणायच्या नाहीत. त्या हळ्ळीखेडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या, बोलायला कमी आणि बघायला जास्त. अण्णा काम करत बसला की त्या शेजारी शेंगा फोडत नाहीतर ज्वारी निवडत बसायच्या आणि पडलेला स्क्रू त्याच्या आधी त्यांना सापडायचा.

कलबुर्गीला एका कॉलेजच्या सभागृहात दर हिवाळ्यात छंदांचं प्रदर्शन भरतं. जुनी नाणी, तिकिटं, कुंडीतली बुटकी झाडं, आणि एका बाजूला आम्ही गाड्यावाले. तिथं सगळ्यात झकपक मांडणी असते अफजलपूरच्या एका दातांच्या डॉक्टरांची. परदेशी इंजिनं, बोगदे, सिग्नल, सगळं आपोआप. त्यांच्या शेजारी आमचं टेबल. अण्णा नेहमी वळणाजवळ उभा राहायचा, कारण गाडी तिथंच अडायची. ती अडली की तो कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं एका बोटानं तिला पुढं सारायचा. बघणाऱ्यांना वाटायचं, हा माणूस गाडीवरची धूळ पुसायलाय.

त्याच्या शेवटच्या प्रदर्शनात मात्र गाडी फारच अडली. एकदा नाही, दर फेरीला. शेवटी एक डबा रुळावरून उतरून आडवाच झाला. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "ही रेल्वे न्हाई, ढकलगाडी हाय." लोक हसले. अण्णाच सगळ्यात जास्त हसला, त्याला ते नाव आवडलंसुद्धा. पण मागं भाकरीचा डबा घेऊन उभ्या असलेल्या वहिनी हसल्या नाहीत. तो तसाच हातात धरून त्या बोलणाऱ्याकडं बघत राहिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णा गेला. दुकानातच, काम करता करता. कुणाला सेवेची संधी न देता गेला, असं लोक म्हणाले. मला मात्र ते पुण्यवान मरण वगैरे काही वाटलं नाही. मला त्याचा रागच आला, कारण न सांगता निघून जायची त्याची सवय लहानपणापासूनची होती. गाडी कपाटावर गेली. वहिनींनी तिच्यावर एक जुनी साडी टाकली आणि आठवड्याला ती साडी झटकायला लागल्या. आमचं घर एकच, मधे नुसतं अंगण, त्यामुळं मला ते रोज दिसायचं.

वर्ष उलटलं. डॉक्टरांचा अफजलपूरहून फोन आला, "मास्तर, यंदा टेबल ठेवू का तुमचं?" मी ठेवा म्हणालो आणि मग वहिनींना विचारायला गेलो. आधी विचारायचं आणि मग हो म्हणायचं, ही रीत आमच्या घराण्यात नाही.

वहिनींनी ऐकून घेतलं. पदरानं हात पुसले. मग म्हणाल्या, "न्या भावजी. पण एक सांगते. ह्या बारीला एकदा जरी कुणी त्यांच्या गाडीला हासलं, तर मी ती घरी आणून ट्रंकेत घालंन आन् कुलूप लावंन. पुन्यांदा कुणाच्या नजरंला पडू द्यायची न्हाई मी."

"कुणी हसणार नाही," मी म्हणालो.

"आन् त्यांच्या हातचं कायबी बदलायचं न्हाई."

इथं मात्र माझी पंचाईत झाली. कारण न बदलता गाडी अडणार, अडली की लोक हसणार, आणि हसले की कुलूप. वहिनी एकदा बोलल्या की बोलल्या, हे मला ठाऊक होतं. अण्णाचं दुकान विकून टाका म्हणून गावातल्या थोरामोठ्यांनी येऊन सांगितलं, तर त्यांना चहा पाजून त्यांनी दारापर्यंत पोचवलं होतं. दुकान अजून तसंच आहे.

मी समजावायचा प्रयत्न केला. गाडी अंगणात मांडून चालवून दाखवली. वळणावर ती थांबली. मी डबा उलटा केला आणि वहिनींना दाखवलं, ही बघा चाकं, यांच्यावर घाण चिकटते, तीच घाण रुळांना लागते, रुळांची इंजिनाच्या चाकांना लागते, मग वीज पोचत नाही. हा बघा आस, किती लुळा झालाय. वहिनी ऐकत होत्या. "पण केलेलं त्यांनीच हाय की," एवढंच म्हणाल्या. मी पुन्हा समजावलं. त्या पुन्हा तेच म्हणाल्या. मग माझा पारा चढला. "मग काय करू? अण्णाला वरून बोलवून आणू का बोट लावायला?" बोललो आणि जीभ चावली. वहिनी उठून आत गेल्या.

दोन्ही घरांत त्या दिवशी माझ्याशी कुणी बोललं नाही. मांजरसुद्धा बायकोच्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी अंगणात आल्या, डबा उचलला, उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. खूप वेळ बघितलं. "भावजी, माणसाच्या पायातली चप्पल बदलली म्हणून माणूस काय बदलत न्हाई," त्या म्हणाल्या. "वरचं त्यांचं. त्याला हात लावू नका. खालचं काय करायचं ते करा." आणि जाता जाता, "जुनी चाकं फेकू नका, माज्याकडं द्या."

मग मी कामाला लागलो. ते दोन-अडीच महिने माझ्या आयुष्यातले फार सुखाचे गेले, हे मी उघडच सांगतो. बिदरच्या एका लेथवाल्याकडून पितळेची चाकं कातून आणली, वीज एका रुळावरून दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून पोटात नायलॉनची चकती बसवलेली. आसांची टोकं कानशीनं घासून अणकुचीदार केली आणि पत्र्याच्या लांबट भोकांत बारीक टोपणासारखे पितळी बुश बसवले. आस त्या बुशात असा फिरायला लागला की डबा हातात धरून चाकावर नुसती फुंकर मारली तरी ते कितीतरी वेळ गिरगिरत राहावं. डबे जड करायला टायरच्या दुकानातून शिशाच्या पट्ट्या आणल्या, मोटारगाडीच्या चाकाला लावतात त्याच, आणि त्या डब्यांच्या तळाला आतून चिकटवल्या. आकडे एका उंचीला आणायला पुठ्ठ्याचं एक माप केलं. ज्या डब्याचा आकडा मापाशी जुळेल तो पास, नाही जुळणार तो नापास. आयुष्यभर पोरांना पास-नापास केलेल्या माणसाला याच्यात काय आनंद मिळतो, ते दुसऱ्याला सांगून कळायचं नाही.

डॉक्टर फोनवरून सल्ले द्यायचे. "मास्तर, दोन गोष्टी ध्यानात ठेवा. दाताला आणि चाकाला तेल लावायचं नाही." चाक जिथं रुळाला टेकतं तो कडेचा पट्टा स्पिरिटनं पुसून कोरडा ठक्क ठेवायचा. तेल द्यायचं ते फक्त आसाच्या टोकाला, तेही शिलाई मशीनचं, सुईच्या अग्रावर मावेल तेवढं. मी हे सगळं काम करता करता मोठ्यानं बोलत असे, आणि वहिनी शेजारी बसून ऐकत असत. निदान मला तरी तसं वाटत होतं.

पौषातल्या एका संध्याकाळी गाडी अंगणात मांडली आणि चालू केली. ती वळणाजवळ आली. बायको भांडी घासायची थांबली. गाडी वळणावरून गेली, जणू तिथं कधी काही नव्हतंच. पुन्हा आली, पुन्हा गेली. वहिनी उंबऱ्यावर बसून बघत होत्या. "गुमान चालायली की," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. रात्री त्यांच्याकडून गव्हाच्या हुग्गीचं, म्हणजे खिरीचं, पातेलं आलं. आमच्याकडं हुग्गी आली म्हणजे प्रकरण मिटलं असं समजायचं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी खोकी काढली, तर वहिनींनी ती ओढून घेतली. "तुमच्या हाताला लई घाई हाय. म्या भरते." जुन्या सुती साड्या फाडून त्यांनी एकेक डबा बाळ गुंडाळावं तसा गुंडाळला आणि आंब्याच्या लाकडी पेटीत रचला. सकाळी आम्ही तिघं बिदरहून कलबुर्गीच्या गाडीत बसलो. वहिनींनी पेटी शेजारी सीटवर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून बसल्या. हुमनाबादला चढलेल्या एका गृहस्थांना ती जागा हवी होती.

"काय हाय पेटीत, अक्का?"

"गाडी हाय."

"कसली गाडी?"

"रेल्वे."

गृहस्थांनी एकदा पेटीकडं, एकदा आमच्याकडं बघितलं आणि ते निमूटपणे पुढच्या डब्यात गेले.

सभागृहात टेबल मांडलं, रूळ जोडले, वीज जोडली. दारं उघडायला थोडाच वेळ होता. मी पहिला डबा साडीतून सोडवला आणि उलटा केला.

प्रत्येक चाकाला हळदीकुंकू लावलेलं होतं. ओलं करून, बोटानं, चांगलं दाबून. एकाही चाकाला वगळलेलं नव्हतं. दुसरा डबा सोडवला, तेच. तिसरा, तेच. आसांच्या टोकांना पांढरं काहीतरी दिसलं, नखानं टोकरून बघितलं तर गोठलेलं खोबरेल. इंजिनाच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि मधे कुंकवाचा ठळक टिळा. पुढच्या चाकांत लिंबाची एक बी अडकलेली. म्हणजे नव्या ट्रॅक्टरच्या चाकाखाली ठेवतात तसं लिंबूसुद्धा चिरडून झालं होतं.

"वहिनी, हे काय केलंत?" माझा आवाज सगळ्या सभागृहात गेला असणार.

वहिनींचा चेहरा उजळलेला होता. "पूजा," त्या म्हणाल्या. "नवी चाकं म्हंजे नवी गाडीच झाली की. बिनपूजेची गाडी कोण रस्त्यावर काढतंय व्हय? पहाटं उठून, पेटी सोडून केली. आन् तेल तेवढं त्यांच्यासारखं घातलं, खोबऱ्याचं."

मी पुढचं वाक्य बोलणार, तेवढ्यात बायकोनं माझं मनगट धरलं आणि मला पडद्यामागं ओढत नेलं.

"तोंड उघडू नका," ती म्हणाली.

"अगं, पण सगळी चाकं..."

"चाकं गेली खड्ड्यात. अक्कांनी कुंकवाची वाटी हातात घेतलीय. अण्णा गेल्यापासून पयल्यांदा. कळायलंय का तुम्हाला?"

मला आता कळत होतं. अण्णा गेल्यानंतरच्या खंडेनवमीला त्याची तार वळायची मशीन, पकडी, मापं, सगळं धुऊन पाटावर मांडलं होतं. पूजा माझ्या बायकोनं केली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, पदर दोन्ही हातांत घट्ट धरून. तसं उभं राहा म्हणून कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, पण पुढं या म्हणून कुणी बोलावलंही नव्हतं. लग्नकार्यात ओटी भरायची वेळ आली की त्या आपणहून परसात जाऊन बसायच्या. आमच्याकडं हे असंच चालतं, आणि रोज डोळ्यांसमोर चालतं म्हणून कुणाला दिसत नाही. ती बाई आज पहाटे एकटी उठली होती, आणि नवऱ्याच्या गाडीच्या प्रत्येक चाकाला तिनं आपल्या हातानं कुंकू लावलं होतं.

मला रडू आलं. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी रागही गेलेला नव्हता. दोन्ही एकत्र येऊ शकतात.

पडद्याबाहेर आलो, तर वहिनींनी स्वतःच इंजिन रुळावर ठेवलं होतं. मी बटण फिरवलं. इंजिन गुरगुरलं, इंचभर पुढं सरकलं आणि थांबलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. दाराबाहेर शाळेची पोरं आणि बायामाणसं जमलेली काचेतून दिसत होती.

"कामून थांबली?" वहिनी म्हणाल्या.

"थंडीनं," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात दुबळी थाप.

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग इंजिन उचललं, चाकावर बोट घासलं आणि लाल झालेलं बोट डोळ्यांसमोर धरलं. वरचं कोरडं कुंकू पुसून गेलं होतं, पण त्याखाली पितळेवर एक पातळ थर घट्ट बसलेला होता.

"माज्या कुंकवानं अडली व्हय?"

मी बटणाशी चाळा करायला लागलो. त्यांचा चेहरा हळूहळू विझला. इंजिन खाली ठेवत त्या म्हणाल्या, "म्हणूनशान सांगतेत, आमच्यासारख्या बाईनं असल्या कामात हात घालू नये. तोंडावर दाखवलं देवानं." आणि साड्यांचे तुकडे गोळा करायला लागल्या, गाडी परत बांधायला.

आता मात्र मला राहवलं नाही. "वहिनी! तुमच्याऐवजी मठातल्या स्वामींनी येऊन लावलं असतं ना, तरी अडली असती! माझ्या बायकोनं लावलं असतं, तरी अडली असती! चाकाला कुंकू लागलं की वीज जात नाही, बस्स. हात कुणाचा ते विजेला कळत नाही!"

त्या ऐकेनात. गुंडाळतच राहिल्या. मी ओरडलो म्हणून सगळे आमच्याकडं बघायला लागले होते, आणि शेजारच्या टेबलावरून डॉक्टर आले. त्यांनी काय ऐकलं होतं, किती ऐकलं होतं, कोण जाणे. त्यांनी आमच्या एका डब्याचं चाक निरखून बघितलं, त्यावरचं ओलसर कुंकू आपल्या बोटावर घेतलं आणि ते आपल्या टेबलाकडं गेले. त्यांचं परदेशी इंजिन बोगद्यातून डौलात बाहेर पडत होतं. ते त्यांनी उचललं, त्याच्या चाकांना ते कुंकू नीट फासलं आणि परत रुळावर ठेवलं.

इंजिन जागेवर थरथरलं आणि गप्प झालं. मागचे सगळे झकपक डबे उभे राहिले.

"बघा अक्का," डॉक्टर म्हणाले. "माझीबी अडली. हात माझा होता."

वहिनींच्या हातातला साडीचा तुकडा तसाच राहिला. त्यांनी डॉक्टरांच्या इंजिनाकडं बघितलं, डॉक्टरांच्या बोटाकडं बघितलं. मग जवळ जाऊन खाली वाकून पुन्हा बघितलं, जसं त्या अण्णाच्या हरवलेल्या स्क्रूसाठी बघायच्या. "एवढं भारी इंजिन, आन् कुंकवानं अडतंय?" त्या म्हणाल्या. आणि त्यांना हसू फुटलं. पदर तोंडाला लावून त्या हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं.

"मग पुसा की!" त्या म्हणाल्या. "कामून बघत बसलाव सगळे?"

पुढची धावपळ काय सांगावी. डॉक्टरांच्या पिशवीत दातांची हत्यारं होती, बाकदार टोकांची, बारीक. त्यांनी आसांच्या टोकांतलं गोठलेलं खोबरेल असं टोकरून काढलं, की त्यांचे पेशंट तोंड उघडं ठेवून कसे पडून राहत असतील ते मला कळलं. बायको स्पिरिटचे बोळे करून देत होती. मी चाकं पुसत होतो. एक गंमत म्हणजे इंजिनाच्या ज्या चाकांना लिंबू लागलं होतं ती सोन्यासारखी लखलखत होती, बाकीची मळकट. "पितळ लिंबानंच घासतेत की," वहिनी म्हणाल्या, "ते तर माजं बरोबरच होतं." आणि बोळा हातात घेऊन त्या आपण लावलेलं कुंकू चाकाचाकावरून स्वतः पुसायला बसल्या. घाई न करता, एकेक चाक उजेडाला धरून.

इंजिनाच्या कपाळाकडं बोळा नेला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ते राहू द्या अक्का. तिथून वीज जात नाही."

दारं उघडली. लोक आत आले. मी बटण फिरवलं आणि अण्णाची गाडी निघाली, कपाळाला विभूती आणि टिळा लावून. वळण आलं आणि गेलं. कुणी हसलं नाही. लोक खाली वाकत होते, खिडक्यांचे गज बघत होते, दारात पाय सोडून बसलेला माणूस एकमेकांना दाखवत होते. दिवसभर ती फिरत राहिली. वहिनी टेबलामागं खुर्चीवर बसून होत्या. भाकरी खायलासुद्धा उठल्या नाहीत.

दुपारी एक बाई आल्या, बरोबर सुना-लेकी. चांगल्या ठसठशीत, हातभर हिरव्या बांगड्या, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. इंजिन समोरून गेलं तसं त्यांनी कौतुकानं बोट दाखवलं.

"अय्यो, पूजा पण केलीय की! लई छान लावलंय. कुणी केली वो पूजा?"

असला प्रश्न आला की आमच्या घरात सगळ्यांच्या माना माझ्या बायकोकडं वळतात. माझीही वळली. बायको मात्र मुद्दाम बोळे गोळा करत खाली वाकली.

वहिनी खुर्चीवरून उठल्या. पुढं आल्या, टेबलाच्या कडेवर हात ठेवला.

"मी केली," त्या म्हणाल्या. "माज्या मालकाची गाडी हाय. मी न्हाई करायची, तर कुणी करायची?"